दोन दारांची खोली

कारखान्यातली यंत्रं विकली गेली होती, लाकडाचे उरलेसुरले तुकडे भंगारवाल्यानं नेले होते, तरी भुशाचा वास काही जागा सोडायला तयार नव्हता. त्या रिकाम्या, लांबलचक दालनात आता दोनच गोष्टी शिल्लक होत्या. एक बाबांचं कापायचं टेबल आणि दुसरी खिडकीजवळची आत्याची बैठक.

टेबल राहिलं होतं कारण ते दारातून बाहेर निघतच नव्हतं. बाबांनी ते जागेवरच जोडलं होतं. "बाबांनी आधी टेबल केलं आणि मग त्याला ऊन लागू नये म्हणून भोवती घर बांधलं," असं मधला भाऊ भेटेल त्याला सांगत असे. मधला दातांचा डॉक्टर होता. समोरची माणसं तोंड उघडून गप्प पडलेली असताना एकट्यानंच बोलत राहायची त्याला सवय झाली होती.

घरातला प्रत्येक मोठा निर्णय या टेबलाभोवती झाला होता. आईच्या आजारपणात काय करायचं, मधल्याला शिकायला पाठवायचं की धंद्यात घ्यायचं, आणि बाबा गेल्यावर कारखाना पाडून इमारत उभी करायची की नाही, सगळं इथंच. बोलायची रीतही बाबांनी घालून दिलेली होती. धाकट्यानं आधी बोलायचं, थोरल्यानं शेवटी. "मोठा आधी बोलला की लहानांना नुसती मान हलवायचं काम उरतं," असं ते म्हणत. त्यामुळे तिघा भावंडांतली धाकटी अगदी फ्रॉक घालायच्या वयापासून या टेबलाशी सगळ्यांच्या आधी बोलत आली होती. त्याचा तिला फार अभिमान होता.

आज मात्र तिला आधी बोलायचं नव्हतं.

बैठक तिनंच बोलावली होती. दादा, वहिनी आणि मधला यायला अजून अवकाश होता. ती आत शिरली तेव्हा आत्या खिडकीत मांडी घालून बसली होती आणि तिच्यासमोर बाबांची जुनी खुर्ची उलटी पडली होती. खुर्चीची बैठक फाटून गेली होती. आत्या नवी विणत होती.

"आलीस? पातेल्यातला वेत दे बघू. तो नको गं, बारका."

धाकटीनं पाण्यातून वेताची पट्टी काढून दिली. आत्यानं ती बोटांतून ओढून पाहिली, आणि मान हलवली.

"वाळला की हट्टी होतो, फार भिजला की लाडात येतो. तुझ्यासारखाच."

"ही कुणाची ऑर्डर आहे?"

"माझीच." आत्या हसली. "नव्या घरात एक तरी खुर्ची नको का? कुणी आलं तर काय जमिनीवर बसवू?"

आत्ता सांगावं, असं तिच्या मनात आलं. दोघीच आहोत, कुणी नाही. पण आत्यानं खुर्ची आडवी केली, एका भोकातून वेत खाली घातला, दुसऱ्यातून वर काढला, खुंटी ठोकून ताणून धरला, आणि तेवढ्यात बोलायची वेळ निघून गेली.

आत्या ही बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि ती 'चार दिवसांसाठी' म्हणून भावाकडे आली. ते चार दिवस अजून संपले नव्हते. खुर्च्यांच्या बैठका विणायचं काम तिनं आल्या आल्याच उचललं. धाकटीची आई गेली तेव्हा धाकटीला जेमतेम पायऱ्या उतरता येत होत्या. तिला वाढवलं ते आत्यानंच. या घरात तिच्या नावावर काही नव्हतं. आजोबांनी सगळं बाबांच्या नावावर केलं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्या काळी कुणाला वाटलं नव्हतं.

तिला एक खोली मात्र होती. कारखाना आणि स्वयंपाकघर यांच्या मधली. खुर्च्यांचे सांधे चिकटवायला लागणारा सरस स्वयंपाकघरात गरम करायचा आणि कढत भांडं दोन्ही हातांनी धरून कारखान्यात आणायचं, म्हणजे वाट आत्याच्या खोलीतूनच. हात गुंतलेले असताना कडी कोण काढणार? म्हणून बाबांनी तिच्या खोलीच्या दोन्ही दारांच्या कड्या काढून टाकल्या होत्या. खांद्यानं ढकललं की दार उघडायचं. सुतार, पॉलिशवाले, मुलं, पाहुणे, सगळे तिथूनच ये-जा करायचे. आत्या केस विंचरत असली, आडवी झाली असली, नवऱ्याचा फोटो पुढ्यात घेऊन बसली असली, तरी दार ढकललं जायचं आणि कुणीतरी "सरस आला, सरस आला!" म्हणत पलीकडे जायचं. आत्या पाय जवळ घ्यायची. इतकंच.

गेल्या वर्षी दादानं नव्या इमारतीचा नकाशा या टेबलावर पसरला तेव्हा आत्या चहा घेऊन आली होती. दादानं दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आत्या, हे तुझं. इथं खिडकीला रुंद कट्टा करतोय, विणायला उजेड मिळेल."

आत्या बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग तिनं एकच विचारलं. "दाराला कडी कुठल्या बाजूनं?"

"आतून, आत्या. सगळ्यांचीच आतून असते."

"आतून," आत्या म्हणाली, आणि कप गोळा करून निघून गेली.

ते कोपऱ्यातलं घर दादा देणार होता असं मात्र नव्हतं. ते 'पाचवं घर' होतं.

हा नियम तसा लहान मुलालाही समजावा असा होता. शहरात जो कुणी नवी इमारत बांधेल त्यानं दर पाच घरांतलं एक बाजारभावानं विकायचं नाही. ते इथंच राबणाऱ्या, बेताच्या कमाईच्या माणसाला त्याला झेपेल अशा हप्त्यात द्यायचं. त्याच इमारतीत आणि त्याच जिन्यानं. कारण शहर इतकं महाग झालं होतं, की मुलांना शिकवणाऱ्या बाई, दवाखान्यातली परिचारिका, बसचा ड्रायव्हर, हे सगळे दिवसभर शहर चालवायचे आणि संध्याकाळी शहराबाहेर झोपायला जायचे. जागेवर जे आधीपासून राहत असतील त्यांना या घरांचा पहिला मान, आणि उरलेल्या घरांची सोडत. धाकटी नगररचना कार्यालयात होती. या नियमासाठी तिनं किती सभा घेतल्या, किती शिव्या खाल्ल्या, तिचा स्वतःचा दादा तिच्याशी किती दिवस बोलत नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे त्याच दादानं हाच नियम पाळून इमारत बांधायचं ठरवलं, तेव्हा तिला वाटलं होतं की आपण जिंकलो.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"चला, आली वरात," आत्या म्हणाली, आणि चहाला उठली.

*

टेबलाशी चौघं बसले. दादा थोरल्याच्या जागेवर, त्याच्या शेजारी वहिनी, समोर मधला आणि टोकाला धाकटी. आत्यानं चहा ठेवला, बिस्किटांची बशी मधल्याच्या हाताला लागेल अशी सरकवली आणि ती नेहमीप्रमाणे खिडकीत जाऊन बसली. टेबलाशी ती कधीच बसत नसे. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नव्हतं.

"हां, बोल धाकटे," दादा म्हणाला. "पाडायची तारीख पुढं ढकलायची असेल तर आधीच सांगतो, जमणार नाही."

"ते नाही."

"मग नकाशात काही काढलंस? तुझ्या कार्यालयाचं घोडं पुन्हा कुठं अडलं?"

"आत्याचा अर्ज बाद होणार आहे."

तिनं ते एका दमात सांगून टाकलं. खिडकीतली वेताची सरसर थांबली नाही, पण मंदावली.

"बाद म्हणजे?" वहिनी म्हणाली.

"पाचवं घर मालकाच्या नातेवाइकाला देता येत नाही. जागेचे मालक आपण तिघं. आत्या आपल्या वडिलांची बहीण."

"अगं, पण ती इथं आधीपासून राहते!" मधला म्हणाला. "पहिला मान तिचा. तूच तर शिकवलंस आम्हाला, पाढ्यांसारखं."

"राहते. पण नात्यातली आहे. ते कलम आधी लागतं."

"हे कुठल्या शहाण्यानं लिहिलं?"

दादा धाकटीकडे बघत होता. मधल्यानं हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

"मी लिहिलं," धाकटी म्हणाली.

का लिहिलं, हेही दादाला माहीत होतं. हा नियम लागू झाला तेव्हा पहिल्याच इमारतीत एका बिल्डरनं सगळी पाचवी घरं आपल्या मेव्हण्यांनी आणि मामांनी भरून टाकली होती. दारांवरच्या पाट्या निराळ्या आणि पाट्यांमागची नाकं सगळी एकसारखी, असं तेव्हा लोक म्हणत. त्यानंतर धाकटीनं ते कलम घातलं. नवरा-बायको, मुलं, भावंडं, मेव्हणे, भाचरं-पुतणे, आईवडील, आईवडिलांची भावंडं. एकही फट राहू नये म्हणून विचार करून करून लिहिलं.

"तुला तेव्हा..." वहिनीनं वाक्य अर्धवट सोडलं.

तेव्हा आत्या आठवली नाही का, असं तिला विचारायचं होतं. धाकटी तोच प्रश्न गेले कित्येक दिवस स्वतःला विचारत होती. उत्तर तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला झोप लागत नव्हती. ते कलम तिनं आत्याच्याच खोलीत, आत्याच्याच खाटेवर बसून लिहिलं होतं, कारण कारखान्यात यंत्रांचा आवाज फार होता. आत्यानं मध्ये दोनदा चहा आणून दिला होता. एकदा तिच्या पाठीशी उशी लावून दिली होती. आणि धाकटीनं तिच्यासमोर बसून 'आईवडिलांची भावंडं' असे शब्द जुळवले, लिहिले, आणि मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. आत्या कुणाची बहीण आहे हे तिला कधी सुचलंच नव्हतं. आत्या म्हणजे आत्या.

"बरं, झालं ते झालं," दादानं हात टेबलावर आपटला. "मार्ग काढू. नियम तुझा आहे, समिती तुझ्या शब्दाबाहेर नाही. एक अपवाद माग. म्हातारी बाई, विधवा, उभा जन्म याच जागेत काढलेली. कोण नाही म्हणेल?"

"दादा..."

"थांब. रीतीनंच होऊ दे. अपवाद मागायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. बोल. तुझ्यापासून."

धाकटीनं खिडकीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला बोलता आलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "मी मागणार नाही."

"का?"

"मागच्या वर्षी बेकरीत काम करणारी एक बाई आली होती. सोडतीत तिचा नंबर लागला होता. त्या जागेचा मालक तिचा मामा निघाला. मामाशी तिचं वर्षानुवर्षं बोलणंसुद्धा नव्हतं. दोन मुलं, भाड्याची खोली, पहाटेची पाळी. मी तिला सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा. ती भांडली नाही की रडली नाही. 'बरं,' म्हणाली, आणि प्यायचं पाणी कुठं आहे विचारलं. मी बोट दाखवलं." धाकटीनं पुढ्यातला कप बाजूला सारला. "आता मी आत्यासाठी अपवाद मागू? माझ्या आत्यासाठी?"

"ती बाई आणि आपली आत्या सारखी झाली का?" दादा तडकला. "तुला घास भरवला तो त्या बेकरीवालीनं?"

"दादा, धाकट्याचं झालं की मग मधला," मधला हळूच म्हणाला. "तू शेवटी."

"मग बोल की! दाताखाली काय धरून बसलायस?"

मधल्यानं चष्मा काढून पुसला. "मला दोन्ही कळतं. मी म्हणतो, अपवाद मागावा. आणि नाहीच मिळाला, तर आत्यानं माझ्याकडे यावं. मागची खोली रिकामी आहे. माझी कवळी करायची खोली आहे बघा, तिच्या पलीकडची. थोडा साच्याचा वास येतो, पण सवय होते." त्यानं हसायचा प्रयत्न केला. "दात तरी फुकटात होतील."

बिस्किटांची बशी त्यानं उगाच वहिनीकडे सरकवली.

"म्हणजे पुन्हा दोन खोल्यांच्या मधली," वहिनी म्हणाली.

वहिनी टेबलाशी फारसं कधी बोलत नसे. तिची पाळी आली की 'ह्यांचं जे मत ते माझं' म्हणायची आणि मोकळी व्हायची. दादानं चमकून तिच्याकडे पाहिलं.

"काय बघताय? माझीच पाळी आहे ना?" तिनं पदर सावरला. "वन्सं, मला आधी तुमचा राग आला. वाटलं, नियम नियम करून घरच्या माणसाच्या पोटावर पाय दिलात. पण मग मी विचार केला. इमारतीत मालकांची तीन घरं. एक आमचं, एक भावजींचं, एक तुमचं. आमचं आपण मुलीसाठी ठेवलंय, भावजी त्यांच्या घरात दवाखाना काढणार, तुमचं भाड्यानं जाणार. हे सगळं या टेबलावर वाटून झालं, तेव्हा चौथं कुणाला सुचलं? मला तरी कुठं सुचलं? आत्याबाईंचं काय, तर सरकार बघेल. पाचवं घर आहे ना! आपण सगळ्यांनी त्यांना त्या नियमाच्या पदरात टाकलं आणि हात झटकले. आता नियमानं परत आणून दिल्या, तर नियमावर चिडतोय."

दादाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्याचा हात नुसताच टेबलावरच्या करवतीच्या जुन्या चरीवरून पुढे-मागे फिरत राहिला. लहानपणी बाबा रागावले की तो असंच करायचा.

"माझं मत," तो अखेर म्हणाला, आणि थांबला. "माझं मत अपवाद मागावा असंच आहे. दुसरं मला काही सुचत नाही."

"दोन विरुद्ध एक," मधला पुटपुटला. "वहिनी कुणीकडे?"

"मी कुणीकडेच नाही. थोरल्या अजून बोलल्या नाहीत."

"थोरला बोलला की आत्ताच."

"थोरल्या म्हणाले मी, भावजी."

सगळ्यांनी एकदमच खिडकीकडे पाहिलं. आत्याचे हात मांडीवर होते. इतक्या वर्षांत विणता विणता तिचे हात मध्येच थांबलेले धाकटीनं पाहिले नव्हते.

"मी बोलू?" आत्यानं विचारलं.

"तू थोरली आहेस, आत्या," धाकटी म्हणाली. "शेवटचं तूच बोलायचं."

आत्या उठली, टेबलापर्यंत आली आणि अवघडून उभी राहिली. "कुठं बसू?"

मधला झटकन उठला आणि त्यानं आपलं स्टूल पुढं केलं. आत्या त्याच्या कडेवर टेकली, कुणीतरी येऊन ऊठ म्हणेल अशी. बाबांच्या टेबलावर तिनं तळहात ठेवला आणि लाकडाची नस पाहावी तसं जरा वेळ पाहिलं.

"ती बेकरीतली बाई," ती धाकटीला म्हणाली, "आता कुठं राहते?"

"मला... माहीत नाही, आत्या."

"माहीत करून घे."

धाकटीनं मान खाली घातली.

"अपवाद वगैरे काही मागायचा नाही," आत्या दादाकडे वळली. "तिला लाज आणू नकोस बाबा. तिनं लिहिलं ते बरोबरच लिहिलंय. मेव्हण्यांना घरं वाटणारे वाटतच राहिले असते. आता त्यात मी आले तर आले. पण ती पाचवी घरं सगळी तू इथंच ठेवायची. त्याच जिन्यानं. पुढंमागं कुणी म्हणालं, त्यांना मागच्या बाजूनं वेगळं दार काढू, तर काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," दादा म्हणाला.

"आत्या, माझं घर घे." धाकटीच्या तोंडून ते निसटलंच. "माझ्या वाट्याचं. तुझ्या नावावर करून देते. भाडं नको, काही नको. मी आधीच म्हणायला हवं होतं."

आत्या तिच्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात राग नव्हता, हे धाकटीला फार लागलं.

"तुझ्या घरी मी राहायला लागले," आत्यानं विचारलं, "आणि तू भेटायला आलीस, तर बेल वाजवशील?"

"वाजवीन की."

"खरं सांग. दुसरी किल्ली कुणाकडे असेल?"

धाकटीनं आत्याच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"तुझ्याकडेच असेल. असायलाच हवी, मी म्हातारी, एकटी. आणि तू किल्लीनं दार उघडशील आणि 'आत्या, मीच गं' म्हणत आत येशील. मला आनंदच होईल. मी पाय जवळ घेईन." ती किंचित हसली. "तुमच्यापैकी कुणाचं काही चुकलं असं नाही रे. मला कुणी उपाशी ठेवलं नाही. पण आजवर जे मिळालं ते कुणीतरी दिलेलं. भावानं दिलेली खोली, भावानं दिलेलं काम. हे एक असं होतं, की माझ्या खुर्च्यांच्या कमाईतून हप्ता जाणार होता आणि रांगेत माझा नंबर लागणार होता. मी नुसती एक बाई म्हणून. कुणाची बहीण, कुणाची आत्या म्हणून नाही." तिनं धाकटीच्या हातावर हात ठेवला. "आणि नेमकं तेच आडवं आलं बघ."

वहिनीनं तोंडाला पदर लावला.

"मग जाणार कुठं तू?" मधल्यानं विचारलं. थट्टा त्याच्या आवाजातून पार गेली होती.

"अंध मुलांची ती शाळा आहे ना, नदीपलीकडच्या गावात? ते कधीचे मागं लागलेत. पोरांना वेत विणायला शिकवायचं. राहायला एक खोली देतात. काम करेन तोवर ती माझी."

"म्हणजे तीही दिलेलीच," दादा म्हणाला. "शाळेची."

"हो. पण कामाची आहे." आत्या जरा थांबली. पुढचं सांगावं की नाही अशा घोटाळ्यात पडल्यासारखी ती दिसली. "मागं मी एक दिवस गेले होते ना त्यांना दाखवायला? दुपारी जरा खोलीत पडले होते. तिथली पोरं आत यायच्या आधी दार वाजवतात. आत कोण आहे, काय आहे, त्यांना दिसत नाही ना, म्हणून शिकवलंय तसं. दोनदा वाजवलं. मी दोनदा म्हटलं, 'कोण?'" तिनं तो शब्द पुन्हा अगदी हलकेच उच्चारला. "मला काय गंमत वाटली म्हणून सांगू."

रीतीप्रमाणे थोरलीचं बोलून झालं होतं, म्हणजे निर्णय झाला होता. बाबा असते तर त्यांनी टेबलावर बोटांनी टकटक केली असती आणि 'ठरलं' म्हटलं असतं. तसं करायला कुणाचा हात उचलेना.

आत्याच उठली. तिनं कप गोळा केले, मग काय वाटलं कोण जाणे, ते तिथंच ठेवून दिले. खिडकीतून खुर्ची उचलली आणि आपल्या खोलीकडे गेली. दार खांद्यानं ढकललं. ते तिच्या मागे झुलत झुलत मिटलं.

*

दादा अंगणात जाऊन गाडीला टेकून उभा राहिला. मधला त्याच्या शेजारी गेला. दोघंही एकमेकांकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होते. वहिनीनं कप उचलले आणि सवयीनं आत्याच्या खोलीच्या दाराकडे निघाली, दोन पावलांवर थबकली, आणि मग अंगणातून मोठा वळसा घालून मागच्या बाजूनं स्वयंपाकघरात गेली.

धाकटी टेबलाशी एकटीच उरली. पातेल्यात थोडा वेत भिजत राहिला होता. आत्याला तो लागेल, फार भिजला तर लाडात येईल, असं वाटून तिनं तो उचलला, पाणी जरा झटकलं आणि खोलीच्या दाराशी आली.

दार जुनं होतं. खांद्याच्या उंचीवर रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. इतक्या खांद्यांनी ते इतकी वर्षं ढकललं होतं. त्यात एक जागा खूप खाली होती, लहान मुलाच्या खांद्याएवढी. ती तिचीच. कडी जिथं होती तिथं स्क्रूची चार भोकं अजून दिसत होती.

आतून वेताची सरसर येत होती. खुर्ची पुरी करत होती आत्या. कुठल्या घरासाठी, कोण जाणे.

धाकटीनं खांदा पुढं केला, आणि मागं घेतला. मग तिनं बोटं दुमडून हात वर केला. आपल्याच घरात आपण काहीतरी चोरटं करतो आहोत असं तिला वाटलं. तिनं दोनदा दार वाजवलं.

सरसर थांबली.

मग आत्याचा आवाज आला, जरासा घाबरलेला आणि जरासा नवा, धाकटीनं जन्मात न ऐकलेला.

"कोण?"

धाकटीनं कपाळ दाराला टेकवलं. तिच्या हातातल्या वेताचं पाणी टपटप फरशीवर गळत होतं.

"मी," ती म्हणाली. "आत येऊ?"

आत्यानं उत्तर द्यायला वेळ घेतला. धाकटी थांबून राहिली.